तिवरांच्या मुळाशी पाणी पोहोचतं का, तेही बघा

महोदय,

कांदळवनावर उपग्रह आणि मशीन लर्निंगनं नजर ठेवावी, असं हल्ली सगळेच म्हणतात. मलाही ते हवंच आहे. पण गोराई खाडीत चाळीस वर्षं पाग टाकतोय, म्हणून थोडं सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात तिवरांत, म्हणजे कांदळवनातल्या झाडांत, शिरणारा एक ओहळ कुणीतरी रातोरात राडारोडा टाकून बुजवला. दोन डंपरचा माल असेल. भरतीचं पाणी आत जायचं थांबलं. पंधरा दिवसांत चिखलातल्या निवट्या मासळ्या दिसेनाशा झाल्या, चिंबोऱ्यांची बिळं सुकली. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर साहेबांनी संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडला. तिथं सगळं हिरवंगार! नकाशा खोटा नव्हता. पाणी तुटलं तरी तिवर लगेच वाळत नाही. होळीनंतर पानं पिवळी पडली, तेव्हा कुठे नकाशाला कळलं.

माझी पुतणी भूगोल शिकते. ती सांगते, सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात, तीही फुकट. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा १० मीटर लांब-रुंद तुकडा. आमचा ओहळ त्याच्या निम्माही नाही. शिवाय जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं, त्यावरून हिरवळ मोजतात. मग राडारोड्यावर पावसात उगवलेलं रानही हिरवळीतच जमा! आणि पावसाळ्यात ढगांमुळे कित्येक आठवडे काही दिसतच नाही. तेव्हा सेंटिनेल-१ या उपग्रहाचं, ढगांतूनही बघणारं रडार वापरावं लागतं.

मशीन लर्निंगचं यंत्र शिकतं ते दाखवलेल्या नमुन्यांवरून. हे तिवर, हे गवत, हा भराव, असं कुणीतरी जागेवर जाऊन सांगावं लागतं. ते आम्हाला विचारा. कोणत्या ओहळानं पाणी कुठवर चढतं, हे चिंबोऱ्या पकडणाऱ्या आमच्या बायकांना तोंडपाठ आहे. ओहळांचा हा नकाशा आधी करा, मग यंत्राला तो शिकवा.

मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कांदळवनाभोवतीची ५० मीटर जागाही राखायला सांगितली आहे. त्या पट्ट्यात नवा भराव दिसला की त्याच दिवशी मच्छीमार सोसायटीच्या फोनवर मराठीत निरोप यावा. होडी घेऊन आम्ही तासाभरात तिथं पोहोचू.

तो राडारोडा अजून तिथंच आहे. पुढच्या उधाणाआधी उचलला, तर मागची तिवरं अजून वाचतील.

— एक मच्छीमार, चारकोप, मुंबई