पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या यंत्राबद्दल, दादा, मनापासून आभार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस आम्ही मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या पाड्यांवर मुलांची वजनं घेत हिंडायचो. तेव्हा तुम्ही पदरचे पैसे घालून घेतलेला एचपी 200 एलएक्स आमच्या हवाली केलात. चष्म्याच्या मोठ्या डबीएवढा संगणक, आत डॉस आणि लोटस 1-2-3 ही आकडेमोडीची शीट करण्याची प्रणाली. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसे; तिथे लॅपटॉप काय कामाचा? याला दोन पेन्सिल सेल पुरत, आणि ते धारणीच्या बाजारातही मिळत.

पण खरे आभार त्यातल्या शीटचे. वयाचा प्रश्न तुम्ही आधीच ओळखला होता. जन्मतारीख कुणाकडे लिहिलेली नसायची. आई सांगायची, "होळीनंतर झाला." तिथल्या कोरकू आदिवासींची होळी म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण, तो कुणी विसरत नाही. तुम्ही मागच्या पाच वर्षांच्या होळी, पोळा, दिवाळीच्या तारखा एका कोष्टकात भरून दिल्यात. सण आणि पुढे-मागे किती आठवडे एवढं टाकलं की वय महिन्यांत निघायचं. तान्ह्या मुलाचं वय दोन महिने चुकलं तरी कुपोषणाची श्रेणी बदलू शकते, त्यामुळे हे कोष्टक मला आजही मोलाचं वाटतं.

मग वजन. आढ्याला टांगलेल्या सॉल्टर काट्यावरचा आकडा टाकायचा, की अपेक्षित वजनाच्या किती टक्के ते दिसे आणि शेजारी श्रेणी. 71 ते 80 टक्के पहिली, 61 ते 70 दुसरी, 51 ते 60 तिसरी, त्याखाली चौथी. अंगणवाडीच्या रजिस्टरात हीच प्रतवारी होती, त्यामुळे सेविकाताई स्क्रीनवरचा आकडा स्वतःच वाचायच्या. स्क्रीनला आतून उजेड नव्हता, म्हणून आम्ही ओसरीवर उन्हात बसायचो. त्यामुळे आईही शेजारी येऊन बसायची.

एका पाड्यावर चौदा महिन्यांचं लेकरू 5.8 किलो भरलं. 56 टक्के, तिसरी श्रेणी. ताईंनी तिथेच कोरकूत आईला समजावलं आणि त्याच दुपारी दोघी लेकराला घेऊन आरोग्य केंद्राकडे निघाल्या. एरवी आमचे फॉर्म शहरात जायचे, तिथे कुणीतरी ते संगणकात भरायचं, आणि उत्तर येईपर्यंत पाऊस संपलेला असायचा. तेवढ्या काळात तिसऱ्या श्रेणीचं मूल कुठे पोचतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

तुमची ताकीदही आठवते: "बटन सेल आणि पेन्सिल सेल एकदम काढू नका, सगळं पुसलं जाईल. आणि प्रत्येक आकडा वहीतही लिहा." यंत्र स्वतःचं, तरी भरवसा वहीवर ठेवायला लावलात. ती शिस्त आमच्या सगळ्या मुलींच्या हातात बसली.

2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मुलांच्या वाढीची नवी मानकं आली, तेव्हा ती घालून मी ती शीट नव्याने केली. सणांचं कोष्टक मात्र तुमचंच आहे, फक्त वर्षं वाढवली. एक प्रत तुम्हाला पाठवायची आहे. पत्ता बदलला असेल तर कळवा.

तुमची,
मेळघाटातली धाकटी सहकारी