कापसापासून चादरीपर्यंत

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शब्दशिड्या आणि संख्यामालिका सोडवण्यात मला एवढे काय सापडते, असे तू मागच्या पत्रात विचारलेस. तू मनापासून विचारले आहेस, म्हणून सविस्तर लिहितो. सोलापूरच्या वैशाखात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसल्यामुळे सवडही आहे.

शब्दशिडीचा खेळ लुईस कॅरल याने १८७७ च्या नाताळात, करायला काही नसलेल्या दोन मुलींसाठी रचला. तो ऑक्सफर्डला गणित शिकवत असे, आणि खेळाची शिस्तही गणिताचीच आहे: दोन शब्द घ्यायचे, दर पायरीला एकच अक्षर बदलायचे, आणि मधली प्रत्येक पायरी हा खरा शब्दच असला पाहिजे. मराठीत आधी अक्षर कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते. मी काना-मात्रेसह पूर्ण अक्षर एक धरतो. आपल्या गावाला शोभेल अशी जोडी म्हणून ‘कापूस’ आणि ‘चादर’ घेतली. मला सापडलेली वाट अशी: कापूस, कापूर, काहूर, माहूर, माहेर, आहेर, आदर, चादर. ‘काहूर’पाशी बराच वेळ अडलो होतो, माहूरगड आठवला आणि पुढचे सगळे भराभर उलगडले. विशेषनाम चालते का, असा वाद तू घालशील, आणि तो रास्त आहे. त्याहून कडक नियम असा करता येईल की एका पायरीत व्यंजन किंवा स्वर यांपैकी एकच बदलावा. तो लावला तर ‘आहेर’ ते ‘आदर’ ही पायरी निखळते, कारण तिथे दोन्ही बदलतात. त्या नियमाने वाट आहे का, हे मी अजून शोधतो आहे.

शिडीत दोन्ही टोके ठाऊक असतात. मालिकेत सुरुवात तेवढी हाती असते. माझी भाची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. तिला १, २, ४, ८, १६ असे लिहून दिले, तर तिने लगेच ३२ म्हटले. मग मी तिला वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडायला आणि वर्तुळाचे किती भाग होतात ते मोजायला सांगितले. एका बिंदूला एक भाग, दोनांना दोन, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहा बिंदूंना मात्र जास्तीत जास्त ३१. तिने पुन्हा पुन्हा मोजले, ३२ वा भाग काही निघाला नाही. दुपटीचा नियम धरला तर तिचे ३२ बरोबरच आहे, पण पाच पदांवरून एकच नियम निघतो असे नाही. म्हणून उत्तरापुढे कारण लिहिल्यावाचून कोडे सुटले असे मी मानत नाही, आणि परीक्षेच्या चार पर्यायांत कारणाला जागाच नसते याचे मला खरोखर वाईट वाटते.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येत मला हे दोन्ही खेळ एकत्र भेटतात. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी, आणि हेच करत राहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

तुझ्यासाठी एक मालिका धाडतो: १, ११, २१, १२११, १११२२१. मोठ्याने वाचून पाहा. पुढचे पद सांगताना नियम एका वाक्यात लिही, आणि या मालिकेत ४ हा अंक कधी येईल की नाही, तेही कारणासह कळव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा स्नेहांकित