तीन रेआलचं जेवण

बेलो होरिझोंते, ब्राझील

ती. दादा,
सा. न.

तू नगरसेवक झालास म्हणून मी फोन केला, तर तू गटारं आणि पथदिव्यांचं गाऱ्हाणं लावून बसलास. सांगायचं ते राहूनच गेलं.

परवा इथल्या बस स्टँडजवळच्या 'रेस्तोरांते पोप्युलार'मध्ये जेवले. ही खानावळ महापालिकेची. रांगेत माझ्या पुढे एक गवंडी, हाताला सिमेंट तसंच. मागे बँकेचं ओळखपत्र गळ्यात घातलेली मुलगी. ताटात भात, फेजाँव म्हणजे राजम्याचा मिळमिळीत भाऊ, कोबी, चिकनचा तुकडा आणि एक संत्रं. तीन रेआल, आपले पन्नासेक रुपये. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांना निम्म्यात, रस्त्यावर राहणाऱ्यांना फुकट. मला ना कुणी कार्ड मागितलं, ना उत्पन्नाचा दाखला. गोम इथेच आहे बघ. गरिबांसाठी वेगळी खिडकी काढली की तिथलं वरण पातळ व्हायला वेळ लागत नाही. तेच वरण बँकवालीच्या ताटात पडलं की बोंब होते.

१९९३ साली पात्रुस आनानियास इथले महापौर झाले. पोटभर अन्न हा नागरिकाचा हक्क, असं धरून त्यांनी पालिकेत त्यासाठी स्वतंत्र खातंच काढलं. आपल्याकडे पाणीपुरवठ्याचं असतं ना, तसं. पुढे महापौर बदलत गेले, पण काम मोडलं नाही. २००९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यावरचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांच्याही आत होता.

तुला उपयोगी पडेल ती भाजीच्या दुकानांची युक्ती. पालिका मोक्याची जागा दुकानदाराला देते. अट एवढीच, की ठरावीक भाज्या-फळं पालिका सांगेल त्या किलोच्या भावाने विकायची. उरलेल्या मालाचा भाव त्याचा तो लावतो, त्यात त्याचं सुटतं. शिवाय आसपासच्या शेतकऱ्यांना शहरात थेट विकायला जागा नेमून दिल्यात, मध्ये दलाल नाही. बाबा असते तर आपल्या कांद्याच्या पट्ट्या काढून बसले असते.

सगळं आलबेल आहे असं नाही. फुटपाथवर झोपणारी माणसं इथेही दिसतात. आणि १९९५ ला आपल्याकडेही रुपयात झुणका-भाकर होतीच की. स्टँडवरच्या केंद्रात पुढे काय काय विकायला लागलं, ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. जागा देऊन पाठ फिरवली की तेच होणार. इथे भावफलकावर पालिकेचा डोळा असतो.

स्टँडमागचा नगरपालिकेचा तो गाळा अजून कुलूपबंदच आहे का? चावी कुणाकडे असते, एवढं विचारून ठेव.

वहिनीला सांग, पोह्याचे पापड पोचले. निम्म्यांचा चुरा झाला होता, तोही संपला.

तुझी,
धाकटी