आमच्या फुगडीच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

श्रावणातले मंगळवार झाले, गौरी जेवून गेल्या, आणि आमच्यातल्या एकीचाही खांदा निखळला नाही की कुणी आपटलं नाही. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

मंगळागौरीच्या खेळांसाठी जमलो तेव्हा झिम्मा आणि पिंगा कसाबसा यायचा. फुगडी म्हटलं की सगळ्या भिंतीला टेकायच्या. पडायची भीती होतीच, पण त्याहून मोठा संकोच होता. जिच्याशी लिफ्टमध्ये हसण्यापुरतीच ओळख, तिचे हात घट्ट धरून, तिच्या तोंडाकडे बघत गरगर फिरायचं म्हणजे काय! तुम्ही ते न बोलता ओळखलंत. पहिल्या दिवशी ना गाणं, ना गिरकी. बांगड्या-अंगठ्या उतरवायच्या, समोरचीला ‘देतेस का हात?’ असं विचारायचं आणि उजव्यात उजवा, डाव्यात डावा अशी हातांची फुली करून नुसतं उभं राहायचं. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत. तळवे घामेजले तर सरळ मनगट धरायचं.

मग खरा धडा. पाय जुळवायचे, चवडे समोरचीच्या चवड्यांजवळ आणायचे आणि मागे रेलायचं. आम्ही सगळ्या कोपरं वाकवून एकमेकींना ओढत होतो. ‘ओढू नकोस गं, मागे बस,’ हे तुमचं वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं. हात सरळ राहिले की भार पाठीवर आणि पायांवर जातो, खांदे मोकळे राहतात. एकटीने तसं रेललं तर पाठ जमिनीलाच लागेल, पण दोघींनी रेललं की दोघी उभ्या. अंगाने भरलेली आणि सडपातळ अशी जोडी पडली की तुम्ही जाडीला थोडं सरळ व्हायला आणि बारकीला बिनधास्त मागे झुकायला सांगायचात. वजनावरून कुणाला हसू दिलं नाहीत, हे मी विशेष लक्षात ठेवलंय.

फिरताना पाऊल उचलायचं नाही, जागच्या जागी सरकवायचं. नजर समोरचीच्या चेहऱ्यावर ठेवायची, मागे पळणाऱ्या भिंतींकडे पाहिलं की भोवळ आलीच. आणि थांबायचं कसं, हे मला तुमच्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं. वेग उतरवत, दोघींनी बरोबरच सरळ होत यायचं. दोघींचेही पाय ठरेपर्यंत हात सोडायचे नाहीत. स्पर्धांमध्ये हल्ली वेगालाच टाळ्या पडतात. पडोत बापड्या. वारीत वारकरी बाप्ये टाळ बाजूला ठेवून फुगडी घालतात, त्यांना कोण गुण देतं?

गुडघे धरलेल्यांना तुम्ही बसफुगडीचा आग्रह केला नाहीत; त्यांच्या हाती सूप दिलंत, गाणी सांगायला बसवलंत. त्यांच्या गळ्यावरच तर रात्र जागली.

तुमचे मनापासून आभार, काकू. आता एका हाताची फुगडी राहिली आहे. पुढच्या वर्षी आषाढातच सुरुवात करू या का? हॉलची किल्ली माझ्याकडेच असते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सून