लांडग्याची बाजू ऐकवल्याबद्दल, ताई, थँक्यू

ताई, नमस्कार,

लायब्ररीत भेटलो की मी नुसतं "पुस्तक भारी होतं हं" एवढंच म्हणते, मागे रांग असते, मग निघते. म्हणून हे पत्र. सगळी पोरं तुम्हाला पुस्तकवाली ताई म्हणतात, मीपण तेच म्हणणार. आणि असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते बाकीच्या आईबाबांना, काकामावश्यांना पण कळू दे, त्यांच्याही घरी असा एखादा नग असेलच.

आमचा नग म्हणजे माझा भाचा. वय सात, वाचता येतं पण वाचायचं नाही असा पवित्रा, आणि परीकथा म्हटलं की "मावशी, ते बाळांचं असतं" असं तोंड वाकडं करून सांगणार. तुम्ही त्याला विचारलंत, तीन डुकरांची गोष्ट येते का रे? त्याने गवताचं घर काड्यांचं घर विटांचं घर लांडगा आला फू फू फू संपली असं एका दमात उरकलं. तुम्ही म्हणालात, "बरोबर. पण ही सांगितली कुणी? डुकरांच्या बाजूनेच ना? लांडग्याला विचारलं का कुणी?" आणि पुस्तक त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवून सरळ दुसऱ्या कामाला लागलात. हे न देणंच खरं भारी होतं, कारण आम्ही घरातले सगळे त्याच्या हातात पुस्तकं कोंबायला टपलेले असायचो आणि तो तितकाच पळायचा.

ते पुस्तक म्हणजे 'द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज', जॉन शेस्का यांचं, चित्रं लेन स्मिथ यांची, 1989 चं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लांडगा तुरुंगातून स्वतःची कैफियत सांगतोय. आजीच्या वाढदिवसाचा केक करत होतो, साखर संपली, शेजारी डुकराकडे कपभर साखर मागायला गेलो, मला सर्दी झालेली, शिंक आली, घर पडलं, आत डुक्कर मेलेलं, आता मेलंच आहे तर वाया कशाला घालवायचं. हे सगळं इतकं साळसूद चेहऱ्याने की वकीलसुद्धा फसावा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय हे मला भाच्याला कधी समजावून सांगावं लागणार नाही आता. आणि त्या पुस्तकाची खरी मजा चित्रांत आहे, लांडगा म्हणतो मी बिचारा, आणि शेजारच्या चित्रातल्या बर्गरमधून कुणाचे तरी कान आणि शेपट्या बाहेर आलेल्या. भाच्याला ते आधी दिसलं, मला नंतर. "मावशी हा खोटं बोलतोय!! चित्र बघ ना!" म्हणून जो ओरडला, तिथून गाडी सुरू झाली.

मग घरात रोज कोर्ट. लांडगा खरं बोलतोय की खोटं, साखर मागायला गेलेला माणूस दार ठोठावल्यावर उत्तर नाही आलं तर घरी परत जाईल ना, मग हा थांबला का, आणि तिसऱ्या डुकराकडे तरी कशाला गेला. एवढ्या बारकाईने त्याने शाळेचा धडा जन्मात वाचला नसेल. पुस्तक परत करताना तो तुमच्याशी भांडला ते मी ऐकलंय, की याच्या कव्हरवर ट्रू स्टोरी लिहिलंय तर हे खऱ्या माहितीच्या कपाटात का नाही. तुम्ही हसला नाहीत, "तू आधी सिद्ध कर, मग हलवते" म्हणालात. तो अजून पुरावे गोळा करतोय.

आता ज्यासाठी मुख्य थँक्यू म्हणायचंय ते. तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात आणि त्या दोन्ही मी जशाच्या तशा पाळते. पहिली, मूळ गोष्ट पाठ असल्याशिवाय उलटी गोष्ट द्यायची नाही. ऐकताना साधं वाटलं पण यातच सगळं आहे हो. हसू कधी येतं, तर पुढे काय होणार ते पोराला आधीच माहीत असतं आणि तसं होत नाही तेव्हा. ज्याला तीन डुकरं माहीतच नाहीत त्याच्यासाठी ती फक्त एका सर्दी झालेल्या लांडग्याची विचित्र गोष्ट. म्हणून धाकट्या भाचीला, ती तीनची आहे, तुम्ही ही पुस्तकं देऊच दिली नाहीत. मी घरी एकदा तिच्यासमोर दादाचं वाचत होते तर ती रडकुंडीला आली, "असं नाहीये ते!" तिला रोज तीन अस्वलांची गोष्ट, तेच अस्वल, तोच बाऊल, तीच खुर्ची, एक शब्द इकडचा तिकडे चालत नाही. तुम्ही म्हणाला होतात तिला तसंच हवं असतं, तिला आधी गोष्ट घट्ट पकडू दे, वाकवायला पुढे वेळ आहे. पटलं.

दुसरी, जोक समजावून सांगायचा नाही. हे मला फार जड गेलं, कारण मोठ्या माणसाची जीभच वळवळते. पान उलटायच्या आधी थोडं थांबायचं, चित्रावर बोट ठेवायचं नाही, आणि पोराला नाही कळलं तर नाही कळलं, पुढे जायचं. डेव्हिड विझनरच्या 'द थ्री पिग्ज'ला याचा खरा कस लागला. 2001 चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं मोठं बक्षीस, मिळालं. त्यात लांडगा इतक्या जोरात फुंकतो की डुक्कर घरातून नाही, गोष्टीतूनच बाहेर उडतं! खाली मजकुरात लिहिलेलं की लांडग्याने डुकराला खाल्लं आणि चित्रात लांडगा वेड्यासारखा इकडेतिकडे शोधतोय, डुक्कर गेलं कुठे. मग तिघं मिळून त्या गोष्टीच्याच पानाचं कागदी विमान करतात आणि त्यावर बसून पांढऱ्या कोऱ्या पानांवरून उडत जातात. मी गप्प बसले. भाचा पण गप्प. पुढची पानं, परत मागची पानं, परत पुढची. मग एकदम "अगं ते पुस्तकातून बाहेर आलेत!" माझ्या तोंडून हे आधी निघालं असतं तर त्याचा तो चेहरा मला बघायला मिळाला नसता.

त्यानंतर तुम्ही एकेक पुस्तक असं काढत गेलात की प्रत्येकात उलटापालट वेगळी. हे मला नंतर लक्षात आलं, तेव्हा वाटायचं हाताला येईल ते देताय. यूजीन ट्रिव्हिझासच्या पुस्तकात लांडगे गोंडस आणि डुक्कर गुंड, चित्रं हेलन ऑक्सनबरी यांची, 1993 चं. लांडगे विटांचं घर बांधतात, डुक्कर घण आणतं. काँक्रीटचं बांधतात, ते ड्रिल आणतं. लोखंडाचे पत्रे आणि काटेरी तारा लावतात, तर थेट डायनामाइट. आणि शेवटी फुलांचं घर बांधल्यावर डुक्कर वास घेतं आणि सुधारतंच! ॲलन आणि जॅनेट आल्बर्ग यांचं 'द जॉली पोस्टमन', 1986 चं, त्यात तर पानांमध्ये खरोखरची पाकिटं आणि त्यात पत्रं, अस्वलांना त्यांच्या घरात घुसलेल्या त्या आगाऊ मुलीचं माफीपत्र, लांडग्याला चक्क वकिलाची नोटीस. भाच्याला नोटीस म्हणजे काय ते तेव्हा कळलं आणि आता घरात कुणीही त्याचं चॉकलेट खाल्लं की नोटीस येते, मलाही आली आहे.

'द पेपर बॅग प्रिन्सेस' बद्दल मात्र थोडं जास्त बोलते, कारण मला भीती होती की हे उपदेशाचं असेल. रॉबर्ट मन्शचं, 1980 चं. ड्रॅगन राजवाडा जाळतो, राजकन्येचे कपडे जाळतो, राजपुत्राला उचलून नेतो. ती कागदी पिशवी घालून त्याला सोडवायला जाते. तलवार वगैरे काही नाही, ड्रॅगनची नुसती स्तुती करते, तू एका फुंकरीत जंगल जाळतोस म्हणे, तू जगाला फेरी मारतोस म्हणे, असं करून करून त्याला इतका दमवते की तो गाढ झोपतो. आणि राजपुत्र काय म्हणतो, तुझा अवतार बघ, नीट राजकन्येसारखे कपडे घालून ये. मग लग्न होत नाही, बस. कुठेही भाषण नाही. मी मध्यंतरी दुसरीकडून अशीच दोनचार पुस्तकं आणली होती ज्यात राजकन्या शूर असते आणि ती किती शूर आहे हे दर पानावर लिहिलेलं असतं, भाच्याने ती अर्ध्यात टाकली आणि मी त्याला काही बोलले नाही. नुसती पात्रं बदलून वर तात्पर्य चिकटवलं तर ती उलटी गोष्ट होत नाही, ते मूल्यशिक्षणाचं पुस्तक होतं फक्त ड्रॅगनवालं. आधी हसू यायला हवं, मग बाकीचं काय ते. तुम्ही असली पुस्तकं कधी पुढे केली नाहीत हे पण माझ्या थँक्यूच्या यादीत आहे.

आणखी एक. घरात एका ज्येष्ठ व्यक्तीने (नाव घेत नाही, जेवायला एकाच टेबलावर बसायचंय) नाराजी दाखवली की चांगल्या जुन्या गोष्टींची ही काय थट्टा, मुलांना खरी गोष्ट कळणारच नाही. मी हे तुमच्या कानावर घातलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "खरी कुठली पण?" आणि मग जे सांगितलंत त्याने मीच गार पडले. तीन अस्वलांची गोष्ट 1837 साली रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने छापली तेव्हा त्यात सोनेरी केसांची मुलगी नव्हतीच, एक आगाऊ म्हातारी होती, मुलगी नंतर कुणीतरी घातली. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पुस्तकात राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही, वैतागून त्याला भिंतीवर आपटते आणि तेव्हा त्याचा राजपुत्र होतो. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या 1697 च्या लाल टोपीवालीला वाचवायला कुणी शिकारी येत नाही, लांडगा खातो, विषय संपला. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तीच मुळात सांगणाऱ्या सांगणाऱ्याने वळवलेली. मी हे सगळं जेवताना ऐकवलं. ज्येष्ठ व्यक्ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "भिंतीवर आपटते? खरंच?" आणि परवा भाच्याला तीच आवृत्ती रंगवून सांगताना मी स्वतः पकडलंय.

भाचा आता स्वतः लिहितो. तुम्ही त्याला सांगितलं होतंत ना की सगळं बदलू नकोस, एकच गोष्ट बदल आणि बाकी होतं तसं ठेव, मग बघ काय काय हलतं. त्याने सिंड्रेलाच्या गोष्टीतल्या उंदराची बाजू लिहिली आहे, ज्याचा घोडा केला जातो. उंदराला कुणी विचारलंच नाही, तो आपला झोपायच्या तयारीत होता, एकदम चार पाय लांब झाले आणि गाडी ओढायला लागली, आणि बारा वाजता परत उंदीर झाला तेव्हा तो राजवाड्याच्या बाहेर रस्त्यावर आणि घर कुठल्या कुठे. आता घरी जायचं कसं. मला हे वाचून हसू पण आलं आणि खरं सांगते, इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, त्या उंदराचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. शुद्धलेखनाच्या नावाने बोंब आहे. मी एकही चूक दाखवलेली नाही, तुमच्याच जोक न समजावण्याच्या नियमात हे पण बसवून टाकलं.

लायब्ररीत लोक येतात, पुस्तक घेतात, जातात, तुमच्याकडे बघत पण नाहीत बरेचदा. कुठल्या पोराला काय दिलं, त्याच्या आधी काय वाचलंय, आता पुढचं कुठलं चालेल, हे सगळं तुम्ही डोक्यात ठेवता, याचं कुणी रजिस्टर ठेवत नाही. मला वाटायचं पुस्तकं चांगली आहेत म्हणून पोरगं वाचायला लागलं. पुस्तकं चांगली आहेतच, पण तीच पुस्तकं मी त्याला उलट्या क्रमाने, समजावत समजावत दिली असती तर तो परत पळाला असता याची मला खात्री आहे. तर ताई, मनापासून थँक्यू, त्याच्याकडून पण आणि माझ्याकडून पण. ज्येष्ठ व्यक्तीकडूनही, पण ते मी म्हटलं असं सांगू नका.

बाकी दोन कामं. 'द फ्रॉग प्रिन्स कंटिन्यूड' आलं की माझ्या कार्डावर बाजूला ठेवाल का, तेही शेस्काचंच, 1991 चं, कारण "ते सुखाने नांदू लागले" यावर भाच्याचा आता अजिबात विश्वास राहिलेला नाही आणि लग्नानंतर बेडकाचं नेमकं काय झालं ते त्याला हवंय. आणि धाकटीसाठी तीन अस्वलं द्या, एकदम साधी, जुनी, ज्यात कुणीही काहीही गंमत केलेली नाही अशी. शनिवारी येतो.

तुमची,
लांडग्याच्या वकिलाची मावशी