बाबा, आता बटाटे तुम्ही उकडा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या मनगटाचं प्लास्टर अजून निघायचंय आणि पोळ्यावाल्या मावशी एकच वेळ येतात, हे कळल्यापासून तुमच्या रात्रीच्या जेवणाचा विचार डोक्यातून जात नाहीये. बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "मला चहा येतो आणि बटाटे उकडता येतात, बाकी शून्य." अहो, मग झालं की! इथे जर्मनीत त्या दुसऱ्या गोष्टीवर घरंच्या घरं जेवतात. फोनवर कृती सांगितली की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि रात्री दूध-पोहे खाऊन झोपता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू ओट्याशेजारी खुर्ची टाकून बस आणि नुसत्या सूचना दे. हात लावलास तर बाबा मला कळवणार आहेत.

आधी बटाट्याबद्दल. इथल्या स्वयंपाकात मसाला म्हणजे मीठ, मिरी, कांदा, व्हिनेगर, फार तर जायफळ. त्यामुळे सगळी भिस्त बटाट्यावर. पदार्थ काय करायचा हे बटाटे घेतानाच ठरवावं लागतं. पिशवीवर तसं छापलेलंच असतं: 'फेस्टकोखेंड', म्हणजे शिजूनही फोड शाबूत राहणारा, 'मेलिशकोखेंड', म्हणजे शिजला की पिठूळ होऊन फुटणारा, आणि तिसरा या दोघांच्या मधला. बहुतेक पिशव्यांवर रंगही ठरलेले, घट्ट बटाट्याला हिरवा, मधल्याला लाल, पिठूळला निळा. आपल्या मंडईत विचारलं तर "काका, एक नंबर माल आहे" याच्या पुढे माहिती मिळत नाही. तेव्हा बाबा, तुमच्यासाठी एक प्रयोग. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, म्हणून तो जड, तो बुडतो. घट्ट राहणारा तरंगतो. एवढं मीठ वाया घालवायला आई परवानगी देणार नाही, तर सोपी खूण अशी की नखाने साल सुटते असा नवा बटाटा सहसा घट्ट राहतो.

इतिहासाच्या मास्तरांना एक खुराक देते. बटाटा इथे काही आपसूक रुजला नाही. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक, त्याने 24 मार्च 1756 रोजी सायलेशियातल्या अधिकाऱ्यांना हुकूम सोडला की शेतकऱ्यांना बटाट्याचे फायदे समजावून द्या आणि लागवड करवून घ्या. लोक या परक्या कंदाला हात लावायला तयार नव्हते. राजाने शेताभोवती शिपाई उभे केले, म्हणजे काहीतरी मौल्यवान असेल असं वाटून लोकांनी रातोरात बटाटे चोरून नेले, अशी एक गोष्ट सांगतात. ती बहुधा मागाहून रचलेली असावी, पण तुम्ही ती वर्गात रंगवून सांगितली असती याची मला खात्री आहे. पुढे 1778-79 मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाची जी लढाई झाली, तिच्यात खऱ्या चकमकी कमी आणि सैन्याने रसदीसाठी बटाटे शोधत फिरणंच जास्त, म्हणून तिचं टोपणनावच 'बटाटायुद्ध' पडलं. पॉट्सडॅमला सांसूसी राजवाड्याच्या गच्चीवर या फ्रेडरिकची साधी, जमिनीलगतची कबर आहे. लोक तिच्यावर फुलांबरोबर कच्चे बटाटे ठेवून जातात. तुम्ही आलात की नेईन.

आता स्वयंपाक. पहिल्या दिवशी करायला सगळ्यात सोपं म्हणजे पेलकार्टोफेल्न. बटाटे सालासकट मिठाच्या पाण्यात उकडायचे आणि तसेच वाफाळते ताटात घ्यायचे. साल ज्याने त्याने आपापल्या ताटात काढायची, म्हणजे ते कामही बाबांच्या अंगावर पडत नाही. (आईचे मात्र तुम्ही सोलून द्यायचे, हे सांगायला नको.) सोबत 'क्वार्क' लागतं. तिथे त्याच्या जागी चक्का चालेल. तो थोडं दूध घालून फेटून सैल करा, त्यात बारीक चिरलेला कांदा, कांद्याची पात, मीठ आणि चिमूटभर शहाजिरं. आणि सगळ्यात वरून, आई हे ऐक, जवसाचं कच्चं तेल! पूर्वेकडच्या लाउझित्स भागात आणि श्प्रेवाल्डमध्ये हे गरिबांचं रोजचं जेवण होतं. आता तिथल्या चांगल्या हॉटेलांतही ते मानाने मिळतं. माझी एक सहकारी तिकडच्या कॉटबुसची. ती तेल चमच्याने मोजत नाही, पांढऱ्या क्वार्कवर पिवळंधमक तळं साचेपर्यंत ओतते. पहिल्या घासाला मला जवसाच्या चटणीचीच आठवण झाली, तोच किंचित कडवट, खमंग वास. तेल घाण्यावरून ताजं आणा, लहान बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि कधीही तापवू नका. जुनं झालं की ते कडू जहर होतं. तेल नाहीच मिळालं तर तुझी जवसाची चटणी वरून भुरभुरव. जर्मन नाक मुरडतील, पण ते बघायला येतात कशाला!

दुसऱ्या दिवशी ब्राटकार्टोफेल्न, म्हणजे तव्यावर परतलेले बटाटे. बाबा, बटाटे पहिल्या दिवशी उकडतानाच दुप्पट उकडा, कारण ह्याला आदल्या दिवशीचे, सालासकट उकडलेले, गार झालेलेच बटाटे लागतात. आईच्या काचऱ्या कच्च्या बटाट्याच्या असतात आणि झाकण ठेवून वाफवल्या जातात. इथे सगळं उलट. गार बटाटे सोलून बोटाच्या पेरापेक्षा बरेच पातळ काप करायचे. रुंद लोखंडी तवा चांगला तापवायचा, तेल सढळ हाताने घालायचं आणि काप एकेरी थरात पसरायचे. एकावर एक चढले की ते परतले जात नाहीत, वाफवले जातात. आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात अवघड भाग: काही करायचं नाही. ढवळायचं नाही, उचलून बघायचं नाही, झाकायचं तर मुळीच नाही. खालच्या बाजूने बदामी कवच धरलं की काप स्वतःहून तव्यापासून सुटतो, मग उलथन्याने पलटायचा. दुसरी बाजू अर्धी होत आली की मगच कांदा, कारण कांदा आधी घातला तर बटाट्याला रंग येईपर्यंत त्याचा कोळसा होतो. मीठही शेवटी. इथे त्यात डुकराच्या खारवलेल्या चरबीचे तुकडे घालतात, ते आपण सोडून देऊ. वर एक हाफ फ्राय अंडं ठेवलं की रात्रीचं जेवण झालं.

आणि ह्यात वरून काय घालतात, सांगू? मरवा! आई, तू गजऱ्यात माळायचीस तोच. इथे तो वाळवून बाटलीत भरून विकतात, आणि ब्राटकार्टोफेल्न असो की बटाट्याचं सूप, मरव्याशिवाय होत नाही. आपल्या गच्चीवर कुंडीत असेल अजून, तर दोन काड्या खुडून घाला. सूप काही वेगळं सांगायला नको: पिठूळ बटाटे, गाजर, कांदा, सेलरी मिळाली तर ती, सगळं एकत्र कुकरला लावायचं, अर्धवट घोटायचं, मीठ-मिरी, जायफळ, मरवा. दात दुखत असतील त्या दिवशी करा.

बटाट्याच्या सॅलडवरून या देशात उभी फूट आहे. उत्तरेत ते मेयोनेज घालून करतात, दक्षिणेत, विशेषतः श्वाबियात, गरम रस्सा आणि व्हिनेगर घालून. 24 डिसेंबरच्या रात्री, जेव्हा आपल्याला वाटतं की हे लोक पंचपक्वान्नं जेवत असतील, तेव्हा कितीतरी घरांत हेच सॅलड आणि उकडलेले सॉसेज असतात, कारण सगळा दिवस झाड सजवण्यात गेलेला असतो. मी दक्षिणवाल्यांच्या बाजूची, मेयोनेजमध्ये बटाटा हरवतो. एक किलो घट्ट बटाटे उकडा आणि गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करा. हात पोळतात, पण गार झालेला बटाटा रस पीत नाही, आणि सगळी खुबी त्या पिण्यातच आहे. पेलाभर भाज्यांचा रस्सा (आपला मसालेदार नव्हे, नुसतं भाज्या उकळून गाळलेलं पाणी) उकळून त्यात बारीक कांदा, तीन-चार चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी, किंचित साखर घाला आणि चकत्यांवर ओता. अर्धा तास विसरून जा. तेल शेवटी, कारण तेलाचा थर आधी बसला तर रस आत शिरत नाही. ढवळताना पचपच आवाज आला की समजायचं, जमलं.

राइबेकूखेन, म्हणजे बटाट्याची धिरडी, मात्र मनगट बरं झाल्यावर आईसाठी. ऱ्हाइनच्या काठी, कोलोनकडे, शुक्रवारी मांस खायचं नाही अशी कॅथलिक लोकांची जुनी रीत, आणि त्या दिवशी घरोघरी हे. म्हणजे त्यांच्या उपासालाही बटाटाच! कच्चा बटाटा आणि कांदा किसायचा, फडक्यात घालून घट्ट पिळायचा, अंडं, थोडी कणीक नाहीतर मैदा आणि मीठ घालून पातळ थापून भरपूर तेलात खरपूस परतायचा. पिळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नकोस. दहा मिनिटं वाडग्यात तसंच ठेव. वरचं तांबूस पाणी हळूच ओतलं की तळाशी खडूसारखा पांढराशुभ्र, बोट लावलं तर कुरकुरणारा थर दिसतो. तो स्टार्च. तो खरवडून किसात परत मिसळला की धिरडं तुटत नाही. संकष्टीला करायचं तर कांदा, अंडं, मैदा वगळ, ह्या स्टार्चवर आणि मूठभर वरीच्या पिठावर भागतं. इथे ते सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर खातात. बाजारात नाताळची जत्रा भरते तेव्हा थंडीत उभ्या-उभ्या, कागदी थाळीत. मला आधी हे लग्न विजोड वाटलं होतं, आता लगद्याशिवाय चैन पडत नाही.

क्लोस, म्हणजे पाण्यात शिजवलेले बटाट्याचे गोळे, तुम्ही करायचेच नाहीत, नुसतं वाचा. बाबांची साखर बघता खायचेही नाहीत. हे आमच्या थुरिंगिया राज्याचं दैवत, आणि आमच्या येना शहरात रविवारी दुपारी जिन्यातसुद्धा त्याचाच वास असतो. खालच्या मजल्यावरच्या आजी करताना मला बोलावतात. दोन भाग कच्चा कीस, एक भाग उकडलेला. कच्चा कीस तागाच्या पिशवीत घालून इतका पिळतात की हातात भुशासारखा भुगा उरतो. उकडलेल्याचा पातळ, रटरटता लगदा त्यावर एकदम ओततात आणि लाकडी चमच्याने मार-मार मारतात, गोळा भांड्याच्या कडा सोडेपर्यंत. मग ओल्या हाताने गोळे, मधोमध लोण्यात परतलेले पावाचे चौकोनी तुकडे, आणि उकळीच्या अलीकडे ठेवलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं. पाणी खळखळलं की गोळे फुटतात, म्हणून आजी तिथून हलत नाहीत, फोन वाजला तरी. वायमारजवळ हाइखेलहाइम नावाच्या गावात तर क्लोसचं संग्रहालय आहे. आजींना मी विचारलं, तुम्ही गेलात का कधी? म्हणाल्या, कशाला, माझ्या घरी रोज उघडं असतं.

तर बाबा, सोमवारी एक किलो नवे बटाटे, पाव किलो चक्का, जवसाचं तेल. दोघांना मिळून चार बटाटे, तुमच्या वाट्याचे दोन, त्याच्या वर नाही. डॉक्टरांकडे जाताना रिक्षा करा, स्कूटरवर आईला मागे बसवू नका. एक्स-रेचा फोटो मला पाठवा, आणि ब्राटकार्टोफेल्नचाही, रंग बघून मी सांगेन तवा कितपत तापला होता ते.

तुमची,
मनू

ता. क. किसणीवर शेवटचा तुकडा किसत बसायचं नाही, बोटं सोलवटतात. तो सूपमध्ये टाका.