मापात पाप

सांगली

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून पाककृतींचं पुस्तक लिहायचं म्हणतेस, हे परवा फोनवर ऐकून मी गप्प बसलो. आईनं त्याचा अर्थ मी रागावलो असा लावला. तसं नाही. हिशोब तोंडी करायचा नाही, ही आमची मार्केट यार्डातली सवय. आडतीवर दिवाणजी म्हणून जन्म गेला, त्यामुळे जे बोलायचं ते कागदावर आलं की मला बरं वाटतं.

तू पाठवलेला मजकूर दोनदा वाचला. भाषा तुझी चांगलीच आहे, ती कुठून आली देव जाणे. पण खपली गव्हाच्या खिरीपाशी अडलो. ‘गहू सडून घ्यावेत, मऊ शिजवावेत, चवीपुरता गूळ घालावा, दूध घालून वाढावी.’ आपल्याकडच्या माणसाला हे पुरे आहे. खीर कशी व्हायला हवी हे त्यानं महाप्रसादाच्या पंगतीत बसून पाहिलेलं असतं. पण पुस्तक त्याच्यासाठी नाहीच. ते ठाण्यातल्या किंवा नागपुरातल्या, खपली कधी न पाहिलेल्या मुलीसाठी आहे. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून पाण्याचा हात लावून कांडायचं आणि पाखडायचं, हे तिला कोण सांगणार? सडलेली, म्हणजे टरफल काढलेली खपली तयार मिळते, तीच आण म्हणावं. रात्रभर भिजव म्हणावं. दाणा बोटानं चुरडला जाईपर्यंत गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडला की दाणा पुढं मऊ होत नाही. आणि उकळत्या खिरीत दूध ओतलं तर गुळानं फाटतं, म्हणून खीर कोमट होऊ द्यायची आणि मग तापवून गार केलेलं दूध घालायचं.

यातलं एकही वाक्य तुझ्या मजकुरात नाही. आईनं सांगितलं नाही म्हणून तू लिहिलं नाहीस, आणि हाताला सवयीचं असलेलं तोंडात येत नाही म्हणून तिनं सांगितलं नाही. तिला विचारून लिहू नकोस. तिच्या शेजारी वजनकाटा घेऊन उभी राहा. चिमूट उचलली की ती पातेल्यात पडण्याआधी काट्यावर पडू दे. ती वैतागेल. वैतागू दे.

वाटीचंही तेच. आपल्याच मांडणीवर तीन-चार मापांच्या वाट्या आहेत. पुस्तकी कप 240 मिलिलिटरचा, मोठा चमचा 15 चा, छोटा 5 चा. तू नुसतं ‘एक चमचा मीठ’ लिहिलंस आणि वाचणारीनं मोठा उचलला, तर मीठ तिप्पट. भाजी टाकून द्यावी लागली तर पैसे तिचे गेले, तुझे नाही. ग्रॅम लिही आणि शेजारी वाटी-चमचाही लिही. मागच्या पिढीला वाटी-चमचा पुरत होता, कारण शेजारच्या खोलीतून सासू ओरडून दुरुस्ती करायची.

कांदा-लसूण मसाल्यात तू ‘एक किलो मिरची’ लिहिलं आहेस. देठासकट एक किलो की देठं खुडून एक किलो? आमच्या धंद्यात एवढ्यावरून भांडणं होतात. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, हे लिहिलंस ते बरोबर, पण दोन्हींचं प्रमाण नाही. कांदा किती वेळ परतायचा तेही नाही. त्यात ओल राहिली तर मसाल्याला बुरशी येते. मिनिटं लिही, पण प्रत्येकाच्या गॅसची आच वेगळी, तेव्हा खूणही लिही: कांदा कुरकुरीत होऊन बोटानं मोडायला हवा.

हळदीबद्दल तुझा एकच शब्द आहे, ‘हळद’. सांगलीत वाढलेल्या मुलीनं एवढ्यावर भागवावं? 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं ठेवत. तोंड बंद केलं की आत प्राणवायू उरत नाही, म्हणून कीड लागत नाही. त्याच कारणानं पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, आधी मोकळी हवा जाऊ देत. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. त्यावर एक पान लिही. त्यासाठी प्रस्तावनेतली ‘आजीच्या हातची चव’ काढावी लागली तरी चालेल. तुझी आजी माझी आईच होती. तिच्या हाताला चव होती, पण ती सगळ्यांच्याच आज्यांच्या हाताला असते असं पुस्तकांतून दिसतं. (आणि ते चुलीपाशी नऊवारी नेसून काढलेले फोटो नकोत. आपल्या घरी 1980 च्या आतच गॅस आला होता.)

मुखपृष्ठावर ‘सांगलीचं जेवण’ असं नाव घालायचं तुझ्या मनात आहे. जरा थांब. जत-आटपाडीकडं बाजरी, मटकी, हुलगा. पाऊस नाही म्हणून हुलग्याचं माडगं. शिराळ्याकडं पाऊस धो धो आणि शेतात भात. कृष्णाकाठी ऊस, हळद आणि ती वांगी, ज्यांच्यासारखं भरीत दुसऱ्या वांग्याचं होत नाही. जतच्या बाईला शिराळ्याचं जेवण पाहुण्याघरचं वाटतं. एवढ्या मुलखाला एक नाव द्यायचं असेल तर आधी एसटीनं जत, आटपाडी, शिराळा फिर. गावात गेलीस की बायकांच्या स्वयंपाकघरात बस. कृती घेतलीस तर सांगणारीला विचारून तिचं नाव आणि गाव छाप. साहित्याची यादी कुणाच्या मालकीची नसते, पण कृती सांगणारी वाक्यं ज्याची त्याची असतात. दुसऱ्याच्या पुस्तकातली वाक्यं तर उचलायचीच नाहीत.

शिक्षणाचं दडपण घेऊ नकोस. ‘रुचिरा’ लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले इथल्याच, कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. पुस्तक आलं 1970 साली, आणि मराठी घरांत ते पोळपाटाइतकं रुळलं. पण त्यांना सासूबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं स्वयंपाक करून मगच लिहायला बसता आलं, हेही बघ.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. समज, किंमत 300 रुपये, आवृत्ती 1,000 प्रतींची, मानधन दहा टक्के. प्रतीमागं 30 रुपये. सगळ्या प्रती खपल्या तर 30,000, आणि तेही हिशोब होईल तेव्हा. एक कृती नीट बसवायला चार-पाच वेळा करावी लागली तर किराणा, गॅस, फोटोवाला, सगळं तुझ्या खिशातून. पुण्याच्या घरभाड्याशी हे जुळत नाही. म्हणून निदान पहिलं पुस्तक हातात येईपर्यंत नोकरी सोडू नकोस. शनिवार-रविवार लिही. पुरवणीत सदर मिळतंय का बघ, दिवाळी अंकाला लेख दे. सदराचा फायदा असा की दर आठवड्याला चुका सांगणारे वाचक फुकट मिळतात आणि वर्षाअखेर निम्मं पुस्तक तयार असतं. मसाल्याचे कारखानदार पाकिटामागची कृती लिहून घेतात, त्याचे पैसे रोख असतात. त्यात कमीपणा मानू नकोस.

करार मात्र जपून. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी एकरकमी रक्कम घेऊन सगळे हक्क लिहून दिले. पुस्तक चाललं, पण नंतर त्यांच्या हाती काहीच आलं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाऱ्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे तो तुझ्या मुलांपर्यंत जातो. तो एका चेकवर देऊन टाकू नकोस. हक्क दिलेच, तर किती वर्षांसाठी आणि कुठल्या भाषांसाठी ते लिहून घे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. पण ‘कायमचे’ असा शब्द आत असेल तर तुझ्या बाजूनं काही राहत नाही, आणि तो शब्द बहुतेक वेळा पान उलटल्यावर बारीक अक्षरात असतो.

एक युक्ती सांगतो. प्रत्येक कृती लिहून झाली की धाकट्याला दे. त्याला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही आणि डोकं चालवायचा त्याला कंटाळा आहे. कागदावर आहे तेवढंच तो करतो. त्याच्या हातून खीर जमली तर कृती छापायला दे. त्याच्या हॉस्टेलवर कुकर आहे, मी विचारून घेतलं आहे.

प्रकाशकाकडून करार आला की सही करण्याआधी झेरॉक्स पाठव. व्हॉट्सॲपवर नको, मला बारीक दिसत नाही.

तुझे
अण्णा

ता. क. आई म्हणते, काट्यासमोर उभी राहीन, पण चैत्रात नाही, तेव्हा मसाल्याची मिरची वाळत असते आणि तिला वेळ नसतो. तेव्हा त्याच्या आधी ये.